पाचव्या टेबलावरची जोडी

तिला सगळे उजळणी म्हणत. एकदा केलेलं गणित पुन्हा उलट बाजूनं करून पाहिल्याशिवाय तिचं पान उलटत नसे, म्हणून शाळेतल्या मुलींनी ठेवलेलं हे नाव. ते तिच्या पाठोपाठ गणनसंस्थेत आलं आणि तिथंच चिकटलं. संस्था म्हणजे काही मोठा बडेजाव नव्हता. दुमजली इमारत, खाली छापखाना, वर एक लांबट खोली, खोलीत आठ टेबलं, प्रत्येक टेबलावर हातानं फिरवायचं एक गणनयंत्र आणि त्याच्यामागं एक बाई. दांडा पुढं फिरवला की बेरीज, मागं फिरवला की वजाबाकी. वजाबाकी हवी त्याहून जास्त झाली की यंत्राच्या पोटातली घंटी वाजे. आठही यंत्रं चालू असली की खोलीत बोलायचं तर ओरडावं लागे. उजळणीला ते बरंच वाटे, कारण तिला मुळात बोलायचंच नसे.

तिचं टेबल पाचवं, खिडकीच्या बाजूचं. सात वर्षं ती तिथं बसली. त्या सात वर्षांत तिच्या हातून गेलेल्या एकाही कोष्टकात चूक निघाली नव्हती, आणि हे सगळ्या खोलीला माहीत होतं. फक्त ती सावकाश होती. बाकीच्या बायका चहाला उठत तेव्हा ही उलटा भागाकार करत बसलेली असे.

खोलीचे प्रमुख म्हणजे साहेब. हुशार माणूस, त्यात वाद नाही. पण हुशारीपेक्षा घाई मोठी. संस्था गलबतांसाठी आणि पूल बांधणाऱ्यांसाठी कोष्टकं छापत असे. साहेबांना त्या कामाचा कंटाळा होता. त्यांना एक संख्या सापडली होती आणि तिच्यावर नाव कमवायचं होतं. ती संख्या अशी: १३६११७२२३८६१. तेरा हजार सहाशे अकरा कोटी, बहात्तर लाख, तेवीस हजार, आठशे एकसष्ट. साहेबांचं म्हणणं, ही मूळसंख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंही भाग जात नाही.

एवढी मोठी संख्या मूळ आहे हे सिद्ध करायचं तर तिला तीस हजारांहून जास्त मूळसंख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. साहेबांनी आडवाट काढली. या संख्येला चारनं भागलं की एक उरतो. अशा संख्यांची एक गंमत आहे. ती मूळ असेल तर दोन वर्गांच्या बेरजेत ती एकाच तऱ्हेनं मांडता येते. तेरा घ्या: चार अधिक नऊ. दुसरी तऱ्हा नाही. पण पासष्ट घ्या: एक अधिक चौसष्ट, आणि सोळा अधिक एकोणपन्नास. दोन तऱ्हा निघाल्या, म्हणजे पासष्ट मूळ नव्हे, पाच तेरं पासष्ट. साहेबांनी आपल्या संख्येची एक जोडी शोधून काढली होती: ३४३८६५ चा वर्ग अधिक १३३६९४ चा वर्ग. त्या दोघांत सामाईक अवयव नव्हता. आता दुसरी जोडी नाही एवढं दाखवलं की काम फत्ते.

त्यासाठी एक लाख आठ हजार संख्या तपासायच्या होत्या. साहेबांनी त्यांच्या आठ पट्ट्या पाडल्या आणि टेबलागणिक एक वाटली. शेवटचे आकडे पाहून, तीननं, पाचानं, सोळानं चाळून बऱ्याचशा आधीच गळत. तरी प्रत्येकीच्या वाट्याला साडेनऊशेच्या आसपास उरल्या. एकेक घ्यायची, वर्ग करायचा, मोठ्या संख्येतून वजा करायचा, उरलेली बाकी कुणाचा वर्ग आहे का ते पाहायचं. महिन्याभरात सात टेबलांनी काम हातावेगळं केलं. साहेबांच्या जोडीपलीकडं काही नाही, काही नाही, काही नाही. पाचवं टेबल मागं राहिलं, कारण पाचव्या टेबलावर उजळणी होती.

एका सकाळी अकराच्या सुमारास तिनं ३२४७४५ चा वर्ग वजा केला. बाकी राहिली ३०६५७९०८८३६. तिनं वर्गांचं कोष्टक उघडलं, बोट खाली खाली नेलं आणि एका ओळीवर थांबवलं. १७५०९४. आकडा न् आकडा जुळत होता. तिनं यंत्र शून्यावर आणलं आणि पुन्हा केलं. मग कागदावर केलं. मग दोन्ही वर्गांची बेरीज उलट बाजूनं केली. मग उठली आणि साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, दुसरी जोडी आहे."

साहेबांनी कागद घेतला. बराच वेळ पाहिला. गणितं कळणाऱ्या माणसाला तेवढं पाहायची गरज नव्हती.

"यंत्र बिघडलंय तुमचं," ते म्हणाले.

"कागदावरही केलंय, साहेब. चारदा."

"मग चारदा चुकलात." त्यांनी कागदाची चौघडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "जा, उरलेली पट्टी संपवा."

दुपारी ती खाली छापखान्यात गेली तेव्हा तिला उलगडा झाला. खिळे जुळवणारा म्हातारा तिच्या ओळखीचा. तो म्हणाला, "तुम्ही अजून त्यातच? अहो, ते तर आठ दिवसांपूर्वीच छापून गेलं. संस्था चालवणाऱ्या मंडळाकडं गेलं, बाहेरच्या संस्थांकडं गेलं. साहेबांचं अभिनंदनही आलं." म्हणजे पाचवी पट्टी पुरी व्हायच्या आतच साहेबांनी दवंडी पिटली होती. आता माघार घ्यायची तर मान खाली घालावी लागली असती. त्यापेक्षा एका बाईला घालवणं सोपं.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर यंत्राऐवजी पत्र होतं. नोकरी संपली. खाली कारण: 'आकडेमोडीत बेभरवशाची.' त्यावर संस्थेचा गोल शिक्का. हीच नोंद सेवापुस्तकात गेली, आणि सेवापुस्तक दाखवल्याशिवाय कुठलीही कचेरी आकड्यांचं काम देत नसे. एका ओळीनं तिचा हात कापला गेला.

पण साहेब, नोकरी, नोंद हे सगळं तिनं पचवलं असतं. पचलं नाही ते घरचं. आई आणि ती दोघीच राहत. आईला अक्षरओळख नव्हती, पण शिक्का कळे. तिनं पत्र हातात घेतलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "तुझंच चुकलं असेल, बाई. एवढी मोठी माणसं उगाच कशाला लिहितील?"

"नाही चुकलं, आई."

"असू दे. चुकतं माणसाचं. त्यात लाजायचं काय?"

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं समजूत घातली. शेजारणीला, दूधवाल्याला, सासरी असलेल्या मोठ्या ताईला ती सांगत राहिली की पोरीचं जरा चुकलं, तिला बोलू नका. दोन वर्षांनी आई गेली, ती लेकीचं चुकलं असंच मानत गेली. उजळणीनं साहेबांवर डूख धरला तो तेव्हा. नोकरी गेली हे तिच्या लेखी नुसतं भांडण होतं, पण आईपाशी आपण खोट्या ठरलो त्याला भरपाई नव्हती.

तिला ताबडतोब न्याय मिळाला असता, हेही खरं. कागद साहेबांच्या खिशात गेला होता, डोक्यातला आकडा कुठं गेला होता? नोकरी सुटली त्याच आठवड्यात तिनं मंडळाला पत्र लिहिलं. चार संख्या, दोन बेरजा, खाली सही. कुणीही शाळामास्तर अर्ध्या तासात ताळा करू शकला असता. ती टपालपेटीपाशी गेली, पत्र फटीत निम्मं सरकवलं आणि थांबली. आत्ता टाकलं तर काय होईल? साहेब म्हणतील, 'अरेरे, पाचव्या पट्टीत नजरचूक झाली, दुरुस्ती छापू.' मंडळ मान हलवेल. साहेबांच्या पायाला खडा लागेल, दोन दिवस लंगडतील, संपलं. अजून ते पहिल्याच पायरीवर होते. पहिल्या पायरीवरून पडून कुणाचं काही मोडत नाही.

तिनं पत्र बाहेर ओढलं, चार तुकडे केले आणि घरी आली. 'चढू दे,' ती स्वतःशी म्हणाली. त्यानंतर चौदा वर्षं ती गप्प बसली.

त्या चौदा वर्षांत ती एका बटणांच्या कारखान्यात कामाला होती. पत्र्याच्या छपराची लांब शेड, मधोमध फिरता पट्टा, पट्ट्यावरून ओघळणारी शिंपल्यांची, लाकडाची, हाडाची बटणं. बारा डझनांची एक पुडी. तिथं सेवापुस्तक कुणी विचारत नसे. तिच्या शेजारच्या बाया बोटांनी मोजत, ही नजरेनं उचले आणि एकशेचव्वेचाळीसच उचले. मुकादमीण म्हणाली, "तुझ्या हाताला मोजमाप आहे गं. आधी काय करत होतीस?" ही म्हणाली, "चुका."

साहेब चढत होते. तिला सगळं कळे, कारण खिळे जुळवणारा म्हातारा तिला संस्थेचं वार्षिक पत्रक आणून देई. पहिल्या वर्षी पत्रकात ती संख्या छापली गेली. तिसऱ्या वर्षी संख्या चाळायच्या त्या रीतीला, साहेबांच्या चाळणीला, त्यांचं नाव मिळालं. सहाव्या वर्षी ते संस्थेचे मुख्य झाले. नवव्या वर्षी ती संख्या संस्थेच्या मुद्रेत गोलाकार कोरली गेली, बारा आकडे, घड्याळासारखे. प्रत्येक पत्रक वाचलं की उजळणी ते घडी घालून पेटीत ठेवी आणि त्या संध्याकाळी तिला जेवण गोड लागे. माणसं नातवंडं वाढताना पाहतात, तशी ही साहेबांची कीर्ती वाढताना पाहत होती. तिला खतपाणी घालायला ही गेली नाही एवढंच.

मग एक अशी गोष्ट झाली की जिचा हिशेब तिनं मांडलाच नव्हता. ताईची मुलगी, तिची एकुलती भाची, गणनसंस्थेत लागली. लहानपणी हिनंच तिला पाढे शिकवले, नऊच्या पाढ्यातली गंमत उलगडून दाखवली, मूळसंख्या खड्यांनी मांडून दाखवल्या. पोरगी मावशीवर गेली होती, फक्त बोलकी होती. नोकरी लागल्याचं सांगायला आली तेव्हा जरा अडखळत म्हणाली, "मावशी, तुला वाईट नाही ना वाटणार? तुझं तिथं ते... झालं होतं."

"चुकलं होतं म्हण," उजळणी म्हणाली. "सगळे तेच म्हणतात. जा तू. काम चांगलं कर."

भाची संस्थेच्या वसतिघरात राहू लागली. महिन्याकाठी भेटायला येई, पण काय काम करते ते सांगत नसे. साहेबांची तशी सक्त ताकीद होती. अशी चार वर्षं गेली.

साहेबांच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. सोहळा ठरला होता: मंडळ येणार, बाहेरगावची मंडळी येणार, आणि संस्थेच्या दारात काळा दगड बसवायचा, त्यावर ती संख्या आणि खाली साहेबांचं नाव. पत्रकात ते वाचून उजळणीला त्या दिवशी दोन घास जास्त गेले. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच, तिनं मनाशी म्हटलं. याहून उंच पायरी आता त्या माणसाला नव्हती.

त्याच आठवड्यात भाची आली. डोळे सुजलेले, बोटांना शाई.

"काय झालं?"

"माझं काम अडलंय, मावशी. सांगायचं नाही असं आहे, पण कुणापाशी तरी बोललंच पाहिजे." आणि तिनं सांगितलं. साहेबांची संख्या मूळ आहे हे धरून ती एक मोठं कोष्टक करत होती. मूळसंख्येनं भागून उरणाऱ्या प्रत्येक बाकीला एक जोडीदार असतो. दोघांचा गुणाकार करून भागलं की नेमका एक उरतो. संख्या मूळ असेल तर कुणी बिनजोडीचं राहत नाही. "एवढ्या सगळ्यांचं कोण करणार? निवडक घेऊन करतेय. चार वर्षं सगळ्या जोड्या लागत गेल्या. आणि आता दोन अशा निघाल्यात की काही केल्या लागत नाहीत. साहेब म्हणाले, तुझी आकडेमोड कच्ची आहे, पहिल्यापासून परत कर. सोहळ्याच्या आधी दुरुस्त झालं नाही तर तुझ्या सेवापुस्तकात तसं लिहावं लागेल."

उजळणीनं तिच्यापुढं चहा ठेवला. जोडी न लागणाऱ्या त्या दोन संख्या कोणत्या असतील, हे तिला न विचारताही ठाऊक होतं: संख्येच्या खऱ्या अवयवाच्या पटीतल्या. जिभेच्या टोकावर आलं होतं. एक वाक्य, आणि पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण पोरगी बोलकी. ती सकाळी धावत साहेबांकडं जाईल, साहेब दार लावून घेतील, दगड येणार नाही, सोहळा साधा होईल, आणि पत्रकात कोपऱ्यात दोन ओळी येतील: 'मुख्यांनी स्वतःच एक सुधारणा सुचवली आहे.'

"तुझं बरोबर असेल," ती एवढंच म्हणाली. "थांब थोडी."

"थांबून कसं चालेल? पहिल्यापासून करायचंय सगळं."

"मग कर," उजळणी म्हणाली. ते शब्द तोंडातून निघताना ती खिडकीबाहेर पाहत होती.

पुढचे पाच रविवार भाची तिच्याकडं येऊन बसली, कारण वसतिघरात गलका असे. एका बाजूला पोरगी पानंच्या पानं भरायची, दुसऱ्या बाजूला मावशी उशांचे अभ्रे शिवायची. एकदा पोरगी म्हणाली, "मावशी, तुझंही असंच झालं असेल नाही? स्वतःवरचा विश्वासच जातो." उजळणीच्या हातातली सुई बोटात गेली. तिनं बोट पुसलं आणि पुढचा टाका घातला.

सोहळा सकाळी दहाला होता. दालन भरलं होतं. पुढच्या रांगेत मंडळाची माणसं, मागं कर्मचाऱ्यांचे नातेवाईक. उजळणी भाचीची मावशी म्हणून आत आली आणि सातव्या रांगेत कडेला, भाचीशेजारी बसली. व्यासपीठावर फळा होता, त्यावर सुवाच्य अक्षरात ती संख्या, तिच्याखाली साहेबांची जोडी, आणि शेजारी टेबलावर शोभेला ठेवलेलं जुनं गणनयंत्र. दारातल्या दगडावरचं फडकं मघाशीच निघालं होतं, टाळ्या वाजल्या होत्या.

साहेब म्हातारे झाले होते, पण आवाज तसाच होता. चाळणी कशी सुचली, आठ टेबलं कशी कामाला लावली, ते त्यांनी रंगवून सांगितलं. शेवटी हसून म्हणाले, "एक लाख आठ हजार संख्या चाळल्या, जोडी एकच निघाली. कुणाला शंका असेल तर आज विचारा, उद्यापासून मी बागेत असेन."

लोक हसले. उजळणी उभी राहिली.

"शंका नाही," ती म्हणाली. "दुसरी जोडी आहे. फळ्यावर लिहू का?"

साहेबांनी डोळे बारीक करून पाहिलं. ओळख पटली तेव्हा त्यांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. "आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"पाचवं टेबल."

मंडळाच्या अध्यक्षबाई पुढं बसल्या होत्या. त्यांना वाटलं हा ठरवलेलाच कार्यक्रम आहे. "या की, लिहा," त्या कौतुकानं म्हणाल्या. उजळणी वर चढली. घाई केली नाही. चौदा वर्षं ज्या घासाची वाट पाहिली तो कोण गपकन गिळतो? तिनं खडू घेतला आणि साहेबांच्या जोडीखाली लिहिलं: ३२४७४५ चा वर्ग, १७५०९४ चा वर्ग. मग आठ टेबलांवरच्या आताच्या मुलींकडं वळली. "तुमच्यापैकी एक जण या. हे यंत्र शोभेला का ठेवायचं? चालवू या."

तिसऱ्या टेबलावरची एक मुलगी आली. दांडा फिरू लागला. दालनात फक्त त्याचा खडखडाट. एक वर्ग, दुसरा वर्ग, बेरीज. मुलीनं खिडकीतले आकडे मोठ्यानं वाचले: एक, तीन, सहा, एक, एक, सात, दोन, दोन, तीन, आठ, सहा, एक. शेवटच्या तीन आकड्यांना तिचा आवाज बारीक झाला होता.

"यंत्र जुनं आहे," साहेब म्हणाले.

"तर मग यंत्र बाजूला ठेवू," उजळणी म्हणाली. तिनं दोन जोड्यांतले फरक लिहिले: १९१२० आणि ४१४००. "या दोन्हींना भागणारी मोठ्यात मोठी संख्या?" मागून कुणीतरी म्हणालं, चाळीस. मग बेरजा लिहिल्या: ६६८६१० आणि ३०८७८८. "यांची सहाशे सेहेचाळीस. पाहून घ्या. आता दोन्हींचं निम्मं करा. वीस आणि तीनशे तेवीस. वर्ग करा, मिळवा." तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: १०४७२९. "साहेब, या संख्येनं तुमच्या संख्येला भागा. मी नाही भागत. मी आकडेमोडीत बेभरवशाची आहे."

साहेबांनी खडू घेतला नाही. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या वहीत भागलं, आणि शेजारच्या दोघांनी त्यांच्या वहीत डोकावलं. भाग पूर्ण गेला. बाकी शून्य. भागाकार १२९९७०९.

"हे तुम्हाला कधी सापडलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं.

"चौदा वर्षांपूर्वी, सकाळी अकरा वाजता. साहेबांना त्याच दिवशी दाखवलं. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मला घरी पाठवलं. विचारा त्यांना."

साहेबांना कुणी विचारलं नाही. गरजच नव्हती, त्यांचा चेहरा पाहिला की झालं. ते खुर्चीत बसले आणि समोरच्या फुलांकडं पाहत राहिले. उजळणीनं तो चेहरा मनसोक्त पाहिला. आईच्या अंगठ्याखालचा तो गोल शिक्का तिच्या डोळ्यांपुढं आला आणि तिला वाटलं, हे आईनं पाहायला हवं होतं. मग तिनं सातव्या रांगेकडं पाहिलं. भाचीची खुर्ची रिकामी होती.

भाची तिला दारात दगडापाशी भेटली. कागदांचं बाड छातीशी धरून उभी होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"पाच रविवार मी तुझ्यासमोर बसून तीच पानं परत करत होते. तुला माहीत होतं ती जुळणार नाहीत."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला जाऊन सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं. मग?" पोरीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्यानं तुझं जे केलं ना, मावशी, तेच तू माझं केलंस. फरक इतकाच, की तू त्याची कुणी नव्हतीस."

पोरगी गेली आणि चौदा महिने आली नाही.

बाकीचं सगळं तिच्या मनासारखं झालं. दगड उखडला, मुद्रा बदलली, चाळणीवरचं नाव गेलं, आणि साहेबांचा निरोप समारंभ अर्ध्यावर सुटला तो सुटलाच. भाचीच्या सेवापुस्तकात काही लिहिलं गेलं नाही. उजळणीच्या जुन्या नोंदीवर मंडळानं रेघ मारायचं ठरवलं, पण नियमाप्रमाणं मूळ नोंद करणाऱ्याची सही लागत होती. कारकून म्हणाला, "आम्ही पाठवतो कागद." ती म्हणाली, "नको. मी नेते."

साहेब एका अरुंद घरात राहत होते, बागबिग काही नव्हती. दार त्यांनीच उघडलं. कागद वाचला, सही केली, पेनाचं टोपण लावलं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "इतकी वर्षं का थांबलात?"

"तुम्ही उंच जायची वाट पाहिली."

त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना गणित म्हणून पटलं. "पहिली तीन वर्षं मला टपालाची भीती वाटे. प्रत्येक पाकीट आधी उजेडात धरून पाही. कधी कधी वाटायचं, आपणच सांगून मोकळं व्हावं. मग काही आलं नाही. वाटलं, तुम्ही विसरलात, किंवा तुम्हाला स्वतःचंच खरं वाटेनासं झालं. त्यानंतर मी काळजी सोडली."

"त्यानंतर?"

"त्यानंतर बरी गेली वर्षं," साहेब म्हणाले. "खोटं कशाला बोलू? सुखाची गेली."

ती कागद घेऊन बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राहिली. अकरा वर्षं. तिला वाटत होतं आपण त्या माणसाला चौदा वर्षं सुळावर टांगून ठेवलं आहे. आणि तो अकरा वर्षं सुखानं झोपत होता, सन्मान घेत होता, तिनंच दिलेल्या मोकळीकीत. पत्र पहिल्या आठवड्यात टाकलं असतं तर आईला कुणीतरी वाचून दाखवलं असतं. हा विचार तिला आधी कधी शिवला नव्हता. तिला राग आला, आणि या खेपेला तो कुणावर काढायचा हे कळेना. पण साहेबांना माफ करावं असं मात्र तिला तेव्हाही वाटलं नाही, आणि पुढंही नाही. सूड घेतल्याचा पस्तावा होतो का असं ताईनं एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "घेतल्याचा नाही. उशीर केल्याचा आहे."

मंडळानं तिला खोलीत परत बोलावलं. ती गेली नाही. बटणांच्या शेडमध्ये तिची जागा होती आणि तिथं कुणाचा शिक्का लागत नव्हता.

चौदा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, भाची दारात उभी राहिली. आत येऊन बसली नाही. हातात एक कागद होता, त्यावर एकच संख्या: १०००००३. दहा लाख तीन.

"कोष्टक नव्यानं धरलंय," ती म्हणाली. "लहान संख्या घेतलीय. पूर्ण तपासता येते अशी. मी केलीय, मूळ निघाली. दुसऱ्या कुणीतरी करायला हवी."

"बस तरी."

"आज नाही." पोरीनं कागद टेबलावर ठेवला. "मूळ आहे का बघ, मावशी. आणि नसेल तर त्याच दिवशी सांग."

हजाराच्या आतल्या मूळसंख्या एकशे अडुसष्ट. उजळणीनं त्या एकामागून एक घेतल्या, दोनपासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंत, प्रत्येक भागाकार सरळ आणि मग उलट. सोमवारी कामावरून आल्यावर पुन्हा बसली. कुठंच भाग गेला नाही. मंगळवारी सकाळी शेडमध्ये जाण्याआधी ती टपालकचेरीत गेली आणि कार्ड टाकलं: 'मूळ आहे. दोनदा पाहिलं.' कार्ड फटीतून आत पडल्याचा आवाज आला, तेव्हाच ती निघाली.